फोटोपुरतं काम

लोकपाल बाई गुरुवारी गावात येणार आहेत, ही खबर व्यंकटनं आणली तेव्हा ग्यानोबा खळ्यावर सोयाबीन उलटंपालटं करत होता. सोयाबीन कसलं, काळं पडलेलं भुसकाट. पावसानं यंदा शेवरवाडीचं शिवार उभंच्या उभं कुजवलं होतं. कार्तिकाचं ऊन लागून आता कुठं त्याचा कुबट वास कमी व्हायला लागला होता. ग्यानोबानं दाताळं बाजूला टेकवलं आणि पटक्याच्या शेवानं मानेवरची कुसळं झटकली.

"कोण बाई?"

"हमीच्या कामाच्या लोकपाल. लातूरवरून येऊन राहिल्यात. आपल्या पाणंदीची तक्रार गेलीय ना वर."

व्यंकट गावचा रोजगार सेवक. रोजगार हमीच्या कामावर मजूर लावायचे, मस्टरवर म्हणजे हजेरीपटावर त्यांची नावं घालायची, सकाळ-दुपार मोबाईलवर त्यांचे फोटो काढून वर पाठवायचे, हे त्याचं काम. पोरगा वाईट नव्हता. पण सरपंचानं हाक मारली की पायातली चप्पल विसरून पळणारा होता.

"लई अवघड न्हाई, मामा," तो म्हणाला. "बाई इचारतील, काम केलं का? हाव म्हणायचं. कशानं केलं? फावड्यानं, घमेल्यानं. मशीन बघितली का? बिल्कुल न्हाई. झालं."

"आन् आमच्या घरात?"

"मामीला बी तेच. त्यांचं बी नाव हाय की मस्टरवर."

तक्रार कुणी केली हे ग्यानोबानं विचारलं नाही, कारण ते त्याला ठाऊक होतं. व्यंकटनंच जाता जाता सांगितलं.

"सत्यशीलानं केली. बाईमाणूस, पण बघा कसं डोकं चालतंय."

ग्यानोबानं दाताळं उचललं आणि उलटून झालेलाच ढीग पुन्हा उलटायला घेतला.

पाणंदीचं दुखणं जुनं होतं. गावातून ग्यानोबाच्या शेताकडं जाणारी ती एकच वाट. काळी चिकण जमीन. एक सर पडली की बैलगाडीचा कणा चिखलाला टेकायचा. बैल बसकण मारायचे. आजारी माणूस बाजेवर घालून आणावा लागायचा. तीन सरपंच होऊन गेले, प्रत्येकानं नारळ फोडला, वाट होती तशीच राहिली. दोन वर्षांमागं याच वाटेवर त्याची बायको विठाबाई गवताचा भारा घेऊन येताना घसरली आणि उजव्या खांद्यावर पडली. ग्यानोबा त्या दिवशी निलंग्याला बाजाराला गेला होता. सत्यशीला शेजारच्या रानात खुरपत होती. ती धावली, विठाबाईला पाठीवर घेतलं आणि गुडघाभर चिखलातून थेट डांबरीपर्यंत आली. विठाबाई अंगानं भरलेली, सत्यशीला काडीसारखी. कसं आणलं असेल ते तिचं तिलाच माहीत. दवाखान्यात पोचेपर्यंत तिनं विठाबाईचा हात सोडला नव्हता. खांदा जुळला, पण हात छातीच्या वर जाईना. तेव्हापासून विठाबाई पदर डाव्या हातानं घ्यायची, आणि वेणी घालायची झाली तर सत्यशीलाची वाट बघायची.

यंदा पाणंद मंजूर झाली तेव्हा सरपंच हणमंतराव स्वतः ग्यानोबाच्या ओसरीवर येऊन बसले होते.

"मामा, काम हमीतून हाय, म्हणजे हातानं करायचं. आता तुमीच सांगा, या चिखलात हातानं रस्ता हुतो का? मशीन लावतो. दोन दिसांत मोकळं. तुमी फक्त घरातली आधार कार्डं द्या आन् फोटोला उभं राहा. पगार खात्यावर येईल तो काढून मशीनवाल्याला द्यायचा. रस्ता तर तुमचाच हाय की."

त्यात खोटं काहीच वाटलं नव्हतं. रस्ता ग्यानोबाचाच होता. त्यानं आतून दोन्ही कार्डं आणून दिली. विठाबाई चुलीपाशी होती. तिनं मान वर करून बघितलं आणि पुन्हा भाकरी थापायला लागली, एका हातानं.

सकाळी सगळी माणसं पाणंदीच्या तोंडाशी जमायची. मशीन बाभळीच्या आड उभी. व्यंकट कुणाच्या हातात फावडं द्यायचा, कुणाच्या हातात रिकामं घमेलं. "जरा वाका, मामा. मामी, जरा इकडं तोंड करा." फोटो झाला की मंडळी घरी. दुपारी पुन्हा यायचं, पुन्हा वाकायचं. मधल्या वेळात मशीन घरघरत असायची.

पहिल्याच सकाळी सत्यशीला आली होती. तिचा नवरा माणिकप्पा हैदराबादकडं हॉटेलात कामाला. महिना-महिना खबर नसायची. घरात आंधळी होत चाललेली सासू बसम्मा. कुणाच्याच रानात मजुरी उरली नव्हती, पावसानं ठेवलीच नव्हती. ती आपलं स्वतःचं फावडं खांद्यावर टाकून आली आणि रांगेत उभी राहिली.

"तुझं नाव न्हाई," व्यंकट म्हणाला.

"मग घाल की. म्या काम मागितलंय. कागद दिलाय पंचायतीत."

"माणसं भरली."

सत्यशीलानं रांगेकडं बघितलं. रांगेत दुकानदार होता, पिठाच्या गिरणीचा मालक होता, हातात घमेलं धरलेली विठाबाई होती. सत्यशीलाची नजर विठाबाईच्या खांद्यावर जरा थांबली. मग ती ग्यानोबाकडं वळली.

"मामा, तुमी सांगा की यांना."

ग्यानोबा फावड्याच्या दांड्याकडं बघत राहिला. जणू दांडा सैल झालाय की काय ते तपासतोय. व्यंकट म्हणाला, "बाजूला हो, फोटोत येऊन राहिलीस." ती बाजूला झाली.

बुधवारी जेवताना ग्यानोबानं विषय काढला.

"उद्या बाई इचारतील. तू हाव म्हण."

"कशाला हाव?"

"घमेलं उचललं म्हणून."

विठाबाईनं ताटातली भाकरी तशीच ठेवली. "मला खोटं बोलाया येत न्हाई. तुमाला ठाऊक हाय."

"मग बोलू नको. नुसती मान हलव."

"सत्यशीला तिथं आसंल."

"आसू दे. तिनं रस्ता आडवायला नको हुता. नाल्यापर्यंतच झालाय. पुढचा आपल्या शेतापर्यंतचा राहिलाय. तक्रार खरी ठरली तर तो तसाच पडतो. मग पुन्हा घसर आन् पड."

आपण रागानं बोलतोय असं त्याला वाटत होतं. पण आवाजात राग नव्हता, अजीजी होती. विठाबाईला ती कळली असावी. ती उठली आणि तिनं त्याच्या ताटात आमटी वाढली.

गुरुवारी उन्हं वर आल्यावर लोकपाल बाई आल्या. निटुरे त्यांचं नाव. केस पांढरे, अंगावर सुती लुगड्यासारखी जाड साडी, पायात कॅनव्हासचे बूट. आधी कोर्टात वकिली केलेल्या आहेत असं कुणीतरी म्हणालं. लाल दिव्याची गाडी येईल म्हणून पोरं फाट्यावर जाऊन बसली होती, पण बाई रिक्षातनं उतरल्या. सरपंचांनी पंचायतीत खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. बाई म्हणाल्या, "आपण रस्त्यावरच बसू. जिथं काम झालं तिथंच."

लिंबाखाली सतरंजी टाकली. एका अंगाला मस्टरवरची माणसं, दुसऱ्या अंगाला एकटी सत्यशीला. बाईंनी एकेकाला बोलावलं. गिरणीवाला हाव म्हणाला. दुकानदार हाव म्हणाला. पोपटासारखं सगळं म्हणत गेले. बाई लिहीत होत्या, कुणाला टोकत नव्हत्या. रस्त्याच्या कडेला मशीनच्या दात्यांचे ओरखडे उन्हात साफ दिसत होते. त्यांच्याकडं कुणीच बघत नव्हतं.

ग्यानोबाची पाळी आली.

"काका, किती वर्षांचा आहे हा त्रास, रस्त्याचा?"

या प्रश्नाची तयारी नव्हती. "लई जुना, बाई. माझ्या बापापासून."

"मग काम झालं याचा आनंद असेल."

"हाव."

"कशानं केलं काम?"

"फावड्यानं. घमेल्यानं."

"मशीन?"

"न्हाई बघितली."

बोलताना त्याला आपलाच आवाज कानात ऐकू येत होता, घट्ट, ठाम. बाईंनी त्याच्याकडं जरा वेळ बघितलं. त्या नजरेत दरडावणी नव्हती. दरडावणी असती तर त्याला बरं वाटलं असतं. त्यानं सही केली.

विठाबाई आली. बाईंनी आधी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. विठाबाईनं डाव्या हातानं पदर पुढं ओढला, डाव्या हातानंच पेला घेतला.

"तुम्ही काय काम केलं, ताई?"

विठाबाई पेल्यातल्या पाण्याकडं बघत राहिली.

"घमेलं टाकलं की त्यांनी," व्यंकट म्हणाला.

"त्यांना बोलू द्या."

विठाबाईनं मान हलवली. होकाराची की नकाराची, ते कळलं नाही. तेवढ्यात हणमंतराव हसले. गावचा कारभार चालवणाऱ्या माणसाचं, सगळं सोपं करून टाकणारं हसू.

"अवो म्याडम, आमच्या बाया लई लाजऱ्या. मामी, बोलायचं न्हाई तर दाखवा की करून! व्यंकट, घमेलं भर रे. मामा, द्या जरा उचलून."

व्यंकटनं घमेल्यात मुरूम भरलासुद्धा. सगळ्यांच्या नजरा ग्यानोबावर होत्या. बाई म्हणत होत्या, "नको, असलं काही नको—" पण तोवर ग्यानोबा उठला होता. का उठला, हे पुढं त्यानं स्वतःला खूपदा विचारलं. सरपंचांनी सांगितलं म्हणून उठला. चार माणसांत ना म्हणता येत नाही म्हणून उठला. त्यानं घमेलं उचललं आणि बायकोच्या डोक्यावर ठेवलं.

विठाबाईनं डावा हात लावला. उजवा उचलायला गेली. तो छातीपाशी येऊन थांबला. ग्यानोबानं हात काढले तसं घमेलं उजवीकडं कललं. मुरूम तिच्या डोक्यावरून, तोंडावरून, पदरातून खाली घसरला. घमेलं दगडावर आदळून गोल फिरत राहिलं.

रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं.

विठाबाई डोळे मिटून उभी होती. भुवयांवर, ओठांवर माती. डोळ्यांतली माती पुसायलाही तिला एकच हात होता. ग्यानोबा तिच्यापासून हातभर अंतरावर. त्याचे दोन्ही हात धडधाकट, आणि दोन्ही लोंबत होते. पलीकडून सत्यशीला धावली. तिनं आपल्या पदरानं विठाबाईचं तोंड पुसलं, फुंकर घालून डोळे साफ केले, केसांतले खडे वेचले.

निटुरे बाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा आवाज चढला नाही. "बस्स. इथून पुढं कुणी कुणाला काही करून दाखवायला सांगायचं नाही." मग त्या सत्यशीलाकडं वळल्या. "ताई, तक्रार तुमची आहे. या सगळ्यांनी आम्ही हातानं काम केलं असं सांगितलंय. तुमचं काय म्हणणं?"

आता ही सांगणार, ग्यानोबाला वाटलं. या बाईचा हात दोन वर्षं वर जात नाही, मीच तिला पाठीवर घेऊन आले, असं एक वाक्य बोलली की संपलं. सांग एकदाची, असंही त्याला आतून वाटलं.

सत्यशीलाच्या मुठीत अजून विठाबाईचा पदर होता.

"म्या काम मागितलं, ते दिलं न्हाई," ती म्हणाली. "तेवढंच माझं म्हणणं हाय. कुणाला खोटं पाडाया म्या आले न्हाई."

बाईंनी वही मिटली. जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मला जे दिसलं ते दिसलं. पण निकाल जबाबावर लागतो. कुणाला आपलं म्हणणं बदलायचं असेल तर लातूरला या. एकट्यानं आलात तरी चालेल."

हरभऱ्याची पेरणी त्या दोघांनीच उरकली. ग्यानोबा तिफण धरायचा. मागं बांधलेल्या मोघणातून, बी सोडायच्या नळीतून, विठाबाई करडई सोडत चालायची. बैलांना हाकारण्यापलीकडं रानात आवाज नव्हता. पूर्वी ती मागून काहीबाही बोलत असायची, माहेरचं, गाईचं, कुणाच्या लग्नाचं. आता ओळ संपली की ती थांबायची, बैल वळले की चालायची. भाकरी वेळेवर असायची. पाणी हातात यायचं. भांडली असती तर ग्यानोबाला धरायला काही मिळालं असतं.

गावात कुणी त्याला नावं ठेवली नाहीत. उलट हणमंतरावांनी चहा पाजला. "मामा, तुमी डगमगला न्हाई, ते बरं झालं," म्हणाले. पारावरच्या माणसांनी माना डोलावल्या. ग्यानोबानं कप अर्धा तसाच ठेवला.

हरभरा वीतभर झाला, तण माजलं. खुरपायला बाई लागणार होती. विठाबाई म्हणाली, "सत्यशीलाला सांगा."

"ती यील?"

"न यायला तिनं काय केलंय?"

तो गेला. दारात बसम्मा उन्हाला बसली होती. पावलांच्या आवाजावरून तिनं ओळखलं. "कोण, ग्यानोबा? ये अप्पा, बैस." ग्यानोबा बसला नाही. उभ्या उभ्याच बाहेरून म्हणाला, "खुरपायचं हुतं." आतून सत्यशीला पदर खोचत बाहेर आली.

"येते की मामा. उद्यापासून येऊ?"

एवढंच. सकाळी ती त्याच्याआधी रानात हजर होती. दिवसभर वाकून खुरपं चालवलं. दुपारी दोघी बाया बोरीखाली भाकरी खायला बसल्या. ग्यानोबा बैलांना पाणी दाखवून परत येत होता. ज्वारीच्या ताटांआड थांबला, कारण सत्यशीला विठाबाईचे केस सोडून फणीनं विंचरत होती. त्या दिवसापासून विठाबाईची वेणी नीट घातलेली त्यानं बघितली नव्हती. ती नुसतीच गाठ मारून ठेवायची.

"तुला तर समदं ठाऊक हुतं," विठाबाई म्हणाली. "कामून न्हाई सांगितलं गं?"

"तुमच्या तोंडावर माती हुती, आत्याबाई. त्यावर आणीक काय टाकू?"

"तुझा अर्ज बुडला माझ्यापायी."

"अर्ज काय, लटकून हाय अजून. समद्यांचे जबाब एक, माझा एक. बघू." तिनं वेणी आवळली. "दुखून राहिलं का?"

"न्हाई."

ग्यानोबा आवाज न करता मागं सरला आणि बैलांना पाणी दाखवायला पुन्हा गेला. बैल प्यायले नाहीत.

त्याच क्षणी लातूरची गाडी धरावी असं त्याला वाटलं होतं. पण खुरपणी चालू होती. खुरपणी झाली, तर पावसातून वाचलेली थोडी तूर काढायला आली. तूर बडवून झाली, तर गाय व्याली. रोज रात्री तो ठरवायचा, आणि रोज सकाळी पाणंदीवरून जाताना नाल्यापाशी रस्ता संपायचा, तिथं त्याचं ठरवणंही संपायचं. पुढचा तुकडा व्यंकट म्हणत होता की होळीच्या आत होतोय. तेवढा होऊ द्यावा, मग जाऊ. असं माणूस स्वतःला सांगतो, आणि सांगता सांगता त्याला ते पटायला लागतं.

पौषातल्या एका संध्याकाळी सत्यशीला ओसरीवर आली. हातात विठाबाईकडून मागून नेलेला, जात्यावरचं पीठ झाडायचा कुंचा होता, तो परत द्यायला आली होती.

"जाऊन राहिले, आत्याबाई. सकाळी ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर येणार हाय. निम्मा हंगाम राहिलाय उसाचा, कोयत्याला माणूस लागतंय त्यांना."

"आन् म्हातारी?"

"भालकीला, नणंदेकडं. आजच सोडून आले. लई रडली." तिचा आवाज जरा हलला, मग सावरला. "काम मिळालं असतं हितंच तर कशाला गेले असते. जाऊ द्या."

ती ग्यानोबाच्या पाया पडली. म्हाताऱ्या माणसाच्या पडतात तशी, सहज. त्यानं पाय मागं घ्यायच्या आत तिचे हात लागलेसुद्धा.

सकाळी ट्रॅक्टरचा आवाज आला तेव्हा ग्यानोबा धोतर बदलत होता. "फवारणीचं औषध आणतो," म्हणाला. विठाबाईनं कुठून ते विचारलं नाही. निलंग्याला तो उतरला नाही, तसाच लातूरच्या एसटीत बसला.

निटुरे बाईंची खोली जिन्याखाली होती. एक टेबल, दोन खुर्च्या. बाईंनी त्याला लगेच ओळखलं.

"बसा काका. ताईंचा खांदा कसा आहे?"

तो बसला. पटका काढून त्यानं मांडीवर ठेवला. बाईंनी घाई केली नाही. मग त्यानं सांगितलं. मशीन, कार्डं, फोटोला वाकणं, सत्यशीलाचं रांगेत उभं राहणं, आपण खाली बघणं. विठाबाई घसरली ते, आणि तिला पाठीवर कुणी आणलं ते. बाई लिहीत होत्या.

"हे नोंदवलं की तुमचा आधीचा जबाब खोटा ठरतो," त्या म्हणाल्या. "निकालात तसं लिहावं लागेल. तुमच्या नावानिशी. आणि पुढचा रस्ता होईल असं मी सांगू शकत नाही. बहुतेक थांबेल."

"हाव."

"आधी यायला हवं होतं, काका."

"हाव, बाई." तो उठला, पुन्हा बसला. "एक लिवा. तिच्या नावावर काही टाकू नका. ती हाव म्हणली न्हाई. घमेलं तिच्या डोक्यावर म्या ठेवलं. तिनं ठेव म्हणलं नव्हतं. म्या ठेवलं."

बाईंचा पेन थांबला. मग चालू झाला.

तो घरी आला तेव्हा विठाबाईनं त्याच्या हातातल्या रिकाम्या पिशवीकडं बघितलं. "औषध मिळालं न्हाई," तो म्हणाला. ती बरं म्हणाली.

निकाल माघात आला. गावसभेत तो वाचून दाखवावा, असं त्यातच लिहिलं होतं. सभेला एरवी माणूस फिरकत नाही, त्या दिवशी पटांगण भरलं. बाया शाळेच्या पायऱ्यांवर बसल्या, विठाबाई त्यांच्यात. हणमंतराव खुर्चीत पायावर पाय टाकून बसले होते, पण पाय हलत होता. ग्रामसेवक वाचायला लागला. काम मशीननं झालं हे सिद्ध. सरपंच आणि रोजगार सेवक यांच्याकडून वसुली. पाणंदीचं पुढील काम चौकशी होईपर्यंत स्थगित. तक्रारदार सत्यशीला माणिकप्पा यांना मागणीप्रमाणं तातडीनं काम द्यावं.

"ती हाय कुठं?" मागून कुणीतरी म्हणालं. "उसात हाय ती." कुणी हसलं नाही.

ग्रामसेवक पुढच्या पानावर आला आणि अडखळला. त्यानं ग्यानोबाकडं बघितलं. म्हातारा माणूस, गावात मान असलेला. कागद खाली करून तो म्हणाला, "पुढं काही किरकोळ हाय. साक्षीदारांचं."

सरपंचही म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ते."

ग्यानोबाला वाटलं, राहू द्यावं. त्यानं पायऱ्यांकडं बघितलं. विठाबाई समोर बघत होती. तो उठला. गुडघ्यावर हात रोवून उठावं लागलं.

"वाचा," तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. "वाचा की समदं."

ग्रामसेवकानं वाचलं. सरकारी मराठीत, भरभर, मान वर न करता. "साक्षीदार ग्यानोबा यांनी प्रथम खोटा जबाब दिल्याचे स्वतः हजर राहून कबूल केले. त्यांच्या पत्नी विठाबाई यांनी खोटे कथन केलेले नाही. त्यांचा उजवा हात निकामी असल्याचे ठाऊक असताना त्यांच्या डोक्यावर मातीचे घमेले त्यांच्या पतीने ठेवले, असे पतीचे म्हणणे आहे."

ग्यानोबा उभाच होता, बसायचं असतं हे त्याला सुचत नव्हतं. कुणी शिवी दिली असती, कुणी थुंकलं असतं, तर ते त्यानं घेतलं असतं. पण गिरणीवाला चपलेच्या अंगठ्याकडं बघत होता, दुकानदार शेजाऱ्याच्या पाठीकडं. हळूहळू माणसं उठली आणि त्याला वळसा घालून गेली, वाटेतल्या दगडाला घालतात तसा.

विठाबाई पायऱ्या उतरून पुढं निघाली होती. तो मागं मागं चालू लागला. बसम्माच्या घराला कुलूप होतं. कुलपाला आत्ताच गंजाचा रंग चढला होता. तिथं विठाबाई थांबली. तो जवळ येईपर्यंत ती वळली नाही.

"औषधाला गेलाव त्या दिशी, ते हेच का?"

"हाव."

"लातूरला जाऊन, त्या परक्या बाईम्होरं येवढं समदं बोललाव?"

"हाव."

तिनं आता त्याच्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता. किती दिवसांनी तिनं त्याच्याकडं सरळ बघितलं होतं.

"मग त्या दिशी," ती म्हणाली, "म्या तुमच्याम्होरं हातभर उभी हुते. तवा एक शब्द कामून न्हाई निघाला?"

ती थांबली होती, खरंच थांबली होती, त्यानं काही म्हणावं म्हणून. वाऱ्यानं कुलूप दाराच्या फळीवर वाजत होतं. मग तिनं डाव्या हातानं पदर सारखा केला आणि ती घराकडं चालू लागली.